बैलायले पानी पाजलं का?

आत्ताच घरी आलो. बायको म्हणते आधी जेवून घ्या. पण हे लिहिल्याशिवाय घास उतरायचा नाही.

तालुक्याच्या गावाबाहेर तीन दिवसांचा ग्रामजीवन मेळा भरलाय. भरवणाऱ्यांचं नाव घेत नाही. माणशी 50 रुपये तिकीट. खेडं पाहायला खेड्यातल्याच माणसानं तिकीट काढायचं! बरं, काढलं. आत रोडगे गॅसच्या भट्टीत भाजलेले. चार रोडगे आणि वांग्याची भाजी, 180 रुपये. गोवरीच्या राखेचा वास नाही तो रोडगा कसला, कणकेचा गोळा. असो, त्यावरून मी भांडलो नसतो.

भांडलो बैलांवरून.

सेल्फीसाठी एक जोडी जुंपून उभी केलेली. अंगावर झूल, शिंगांना बेगड, मागं गाडी. पाटीवर लिहिलेलं 'खिल्लार बैलगाडी'. बैल सरळ गौळाऊ जातीचे, आपल्या वर्ध्याकडचे. आणि गाडी म्हणजे रेंगी. माल वाहते ती बंडी, माणसं बसतात ती रेंगी, एवढं तरी कोणाला विचारायचं होतं. दुपारचे दोन वाजलेले, सावलीचा पत्ता नाही. डाव्या बैलाच्या तोंडावरचा फेस वाळून पांढरा पडलेला. गाडीवान सत्तरीचा, डोक्यावर भाड्याचा फेटा.

मी विचारलं, "बाबाजी, बैलायले पानी पाजलं का?"

"सकाळी पाजलं बाप्पा. आता सोडू देत नाई. फोटोची लाइन मोडते म्हनते."

माझा बाप असता तर त्यानं तिथंच जू उतरवलं असतं. मी आठेक वर्षांचा असेन. बहिरमच्या यात्रेला रेंगीनं निघालो होतो, रात्रभर घुंगरांचा आवाज आणि अंगावर वाकळ. ही यात्रा 20 डिसेंबरला सुरू होते, महिनाभराच्या वर चालते, हंडीच्या मटणासाठी लोक कुठून कुठून येतात. पोचलो तेव्हा मी तहानेनं रडत होतो. आईनं कळशीवरचं फडकं काढलं, तर बाबांनी तिचा हात धरला. आधी जुवाच्या शिवळा काढल्या, बैल पाण्यावर नेले. ते पिऊन मान वर करेपर्यंत मी उभा. मग मला पाणी. किती राग आला होता मला त्या माणसाचा!

आणि ह्या मेळ्याच्या दारावर काय लावलंय? गाडगेबाबांची दशसूत्री. त्यांचं जन्मगाव शेणगाव आपल्याच जिल्ह्यातलं, म्हणून फोटो मोठा. पहिल्या दोन ओळी भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी. खाली मुक्या प्राण्यांना अभय, तेही आहे. त्याच फलकाखाली पाण्याची बाटली 30 रुपयांना.

तिथल्या एका जॅकेटवाल्या पोराला सांगितलं तर म्हणतो, "काका, आम्ही शेतकरी संस्कृती जपतोय." अरे बाबा, शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीवर, 2014 मध्ये बंदी आली ती बैलांच्या हालांवरूनच ना? आम्ही किती शिव्या दिल्या होत्या. 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली ती अटींसकट. आता पटात उतरायच्या आधी बैलाला डॉक्टरचा दाखला लागतो. दिवसभर उन्हात जुंपून ठेवलेल्या सेल्फीच्या बैलाला कोण तपासतो?

बचत गटाच्या बायांच्या कुरड्या-पापड हातोहात गेले, हे खरं. पोरंही खूश होती. मानलं.

आणि आता जे लिहितोय ते लिहायला जीवावर येतंय. माझ्या गोठ्यात बैल नाही. बाबा गेल्यावर दोन वर्षांत ट्रॅक्टर घेतला आणि जोडी बाजारात नेली. त्याआधीचा शेवटचा पोळा आठवतो. आदल्या संध्याकाळी खांदे शेकताना पळसाच्या पानानं लोणी-हळद चोळली, आणि बाबा म्हणायचे तसंच म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जेवू घातलं. पंधरा दिवसांनी विकले. बाजारात पोचल्यावर त्यांना पाणी पाजलं होतं का, आज वाटेत किती वेळ आठवत होतो. आठवत नाही.

तेव्हा त्या जॅकेटवाल्यावर मी जितका चढलो, तितका चढायचा हक्क मला होता का, माहीत नाही. पण चढलो.

शेवटी ज्यूसच्या स्टॉलवरून बादली मागितली, टँकरवर भरली. लाइनीतल्या लोकांनी कटकट केली, एका बाईनं तर "दोनच मिनिटं थांबा ना" म्हटलं. थांबलो नाही. डाव्यानं आख्खी बादली एका दमात ओढली, तळाशी जीभ घासल्याचा खरखर आवाज आला. उजव्यासाठी दुसरी आणली. बाबाजी फेटा काढून तोंड पुसत होते. त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. जॅकेटवाल्या पोरानं स्वतःची बाटली त्यांच्या हातात दिली, मी सांगितलं नव्हतं.

मेळा परवापर्यंत आहे. उद्या मी अकराला जातोय. टँकर दारापाशीच उभा आहे, बादली मात्र घरून आणा. आणि कोणाकडे जुनी ताडपत्री असेल तर रात्रीच फोन करा, चार बांबू माझ्याकडे आहेत.