एल्मो आवडतो, पण सेसमी स्ट्रीट म्हणजे एकटा एल्मो नव्हे

'सेसमी स्ट्रीट' या मुलांसाठीच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाचा चेहरा म्हणून त्यातल्या एकट्या एल्मोला, त्या लाल बाहुलीला, पुढे करू नये, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर नाव न देता आलेल्या एका प्रतिक्रियेला हे उत्तर.

तुमची सुरुवातच "बाई, जुन्या आठवणींतून बाहेर या" अशी आहे. मतभेद असू देत, पण मुद्द्याआधी समोरच्याचं वय काढायचं, ही कुठली रीत? माझ्या लेखात एल्मोबद्दल एकही वावगा शब्द नाही. तरी "तुम्हाला एल्मो खुपतो" असं तुम्ही परस्पर ठरवून मोकळे झालात.

एक मान्य करते. १९९६च्या नाताळात 'टिकल मी एल्मो' या गुदगुल्या केल्या की हसणाऱ्या खेळण्यासाठी अमेरिकेतल्या दुकानांत झुंबड उडाली होती, आणि खेळण्यांचा पैसा कार्यक्रमाच्या उपयोगी पडतो. ठीक.

आता तुमचं ते वाक्य : "मुलांना जो आवडतो तोच चेहरा, मोठ्यांनी नाक खुपसू नये." मुलांच्या आवडीचाच दाखला हवा ना? मग १९६९च्या जुलैपासून घेऊ. तेव्हा, कार्यक्रम सुरू होण्याआधी, चाचणीचे भाग मुलांना दाखवले गेले. कल्पना आणि वास्तव यांची सरमिसळ नको, या तज्ज्ञांच्या सल्ल्यामुळे त्यांत कार्यक्रमातल्या रस्त्यावर फक्त माणसं होती, बाहुल्या वेगळ्या. माणसांचे प्रसंग लागले की मुलांचं लक्ष उडायचं. म्हणून बिग बर्ड हा मोठा पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा चिडका ऑस्कर त्या रस्त्यावर आले. माणसं आणि बाहुल्या एकत्र नांदणारी ही गल्ली मुलांच्या पसंतीतूनच उभी राहिली. एल्मो पुढे आला तो ऐंशीच्या दशकात.

आणि आवडता असणं वेगळं, सगळ्यांच्या वतीने उभं राहणं वेगळं. एल्मो साडेतीन वर्षांचा, स्वतःला 'एल्मो' म्हणणारा, आनंदी. छानच आहे तो. पण गल्लीतल्या दुकानदाराचं, मिस्टर हूपरचं, काम करणारे विल ली वारल्यावर १९८३मध्ये मुलांना मृत्यू समजावून सांगायची वेळ आली, तेव्हा बिग बर्ड लागला. त्याने सगळ्यांची चित्रं काढलेली, हूपरचंही. ते द्यायला तो निघतो, तेव्हा मोठी माणसं त्याला पुन्हा सांगतात की हूपर आता परत येणार नाही. त्यावरचे त्याचे प्रश्न साडेतीन वर्षांच्या बाहुलीला झेपणारे नव्हते. रुसव्याफुगव्याला ऑस्कर लागतो, दोन टोकांच्या स्वभावांची मैत्री दाखवायला बर्ट आणि अर्नी लागतात.

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाही. अनेक वर्षं बालवाडीत शिकवते आहे. उरलेल्या हिरव्या फरच्या कापडाचा एक ऑस्कर शिवून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. गावाहून नव्याने आलेला एक मुलगा कुणाशीच बोलत नव्हता. हसऱ्या बाहुल्या पुढे केल्या की मान फिरवायचा. एक दिवस स्वतःहून डब्यापाशी बसला, झाकण उघडलं आणि विचारलं, "हा पण चिडलाय?" वर्गात त्याच्या तोंडून आलेलं ते पहिलं वाक्य. तुम्ही किती मुलांसोबत बसला आहात, हे विचारायचा हक्क मला आहे, आणि मी विचारते आहे.

'गली गली सिम सिम' या सेसमी स्ट्रीटच्या आपल्याकडच्या आवृत्तीतही २००६पासून शाळेच्या गणवेशातली चमकी होती, पण तिच्याबरोबर बूम्बा, गूगली आणि आंचूही होतेच. चार स्वभाव, म्हणून गल्ली.

"मुलांना मुळात टीव्हीच दाखवू नये" आणि "मराठीत लिहिण्यासारखे दुसरे विषय नाहीत का" या तुमच्या बाकीच्या दोन मुद्द्यांचा माझ्या लेखाशी काडीचा संबंध नाही, तेव्हा त्यांवर वेळ घालवत नाही. पुन्हा लिहायचं असेल तर हूपरच्या भागावर लिहा. तो आधी पाहा मात्र.