१८४३चं ते नाटक बडोद्यातलं नव्हे

मंडळी, ‘पहिलं मराठी नाटक १८४३ साली बडोद्यात, सयाजीराव महाराजांपुढे, लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झालं’ हा मेसेज परवा मीही कौतुकाने पुढे ढकलला. चूक माझी. दांडिया बाजारातल्या काकांनी फोन करून एवढंच विचारलं, “अरे, महाराज जन्मले कधी?”

राजवाडा बांधणारे तिसरे सयाजीराव जन्मले १८६३ साली, आणि राजवाडा पुरा झाला १८९० मध्ये! १८४३ला बडोद्याच्या गादीवर दुसरे सयाजीराव होते. नावाचा घोळ बहुधा तिथलाच. विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ झालं सांगलीत, तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. म्हणून तर त्या प्रयोगाच्या तारखेला, ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिन असतो. सूत्रधार पदं म्हणायचा, पात्रं आयत्या वेळी बोलायची, राक्षस ‘अलल्लडुर्र’ करत यायचे. (तंजावरच्या भोसल्यांची मराठी नाटकं त्याहून जुनी, पण तो वाद वेगळा.)

बडोद्याचा खरा मान नंतरचा: १९१३ला निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीला तिसऱ्या सयाजीरावांचा राजाश्रय होता. तेवढं पुरे की आपल्याला! जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा पाठवा.