बुडवल्याशिवाय तारण नाही? त्या फॉरवर्डला उत्तर

चार दिवस झाले, तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, खाली "दहा विश्वासणाऱ्यांना पाठवा" वगैरे आहेच. म्हणणं असं की बाप्तिस्म्याशिवाय (ख्रिस्ती होताना पाण्याने होणारा संस्कार) कोणाचंही तारण नाही, म्हणजे पापातून सुटका नाही, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवूनच घेतलेला हवा, आणि विश्वासाने तारण म्हणणारे सगळे खोटे शिक्षक. पुरावे चार दिलेत. मी काही पाळक नाही, पण संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करत वाढलोय, तेव्हा बोलतो.

पहिला पुरावा बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, २:३८. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो पश्चात्ताप करा, बाप्तिस्मा घ्या, पापांची क्षमा मिळेल. बरोबर, आहे तसं. पण तोच पेत्र पुढच्याच अध्यायात, ३:१९ ला, पश्चात्ताप करा आणि वळा म्हणजे पापं पुसली जातील म्हणतो, तिथे पाण्याचं नावही नाही. आणि दहावा अध्याय मेसेजवाल्याने वाचलाच नाही वाटतं! कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पेत्राचं बोलणं चालू असतानाच पवित्र आत्मा उतरला, कोणी भिजलंही नव्हतं, मग पेत्र म्हणाला की आता यांना पाणी कोण नाकारणार. म्हणजे देवाने आधी स्वीकारलं आणि बाप्तिस्मा मागून आला. उलट आठव्या अध्यायात शिमोन जादूगाराचा बाप्तिस्मा रीतसर झालेला, तरी पेत्र त्याला तोंडावर सांगतो की तुझं अंतःकरण देवापुढे नीट नाही. पाण्यानेच काम होत असतं तर हे बोलायची वेळ आली नसती ना.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या पंडिता रमाबाई घ्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला, आणि त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो मिळायला आणखी आठेक वर्षं गेली. आता सांगा, या आठ वर्षांचं काय करायचं? कवी ना. वा. टिळकांचं उलटं, नवा करार वाचून मन आधीच वळलेलं, बाप्तिस्मा नंतर, १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत. आणि हेच टिळक आयुष्याच्या शेवटी 'देवाचा दरबार' नावाचं मंडळ काढतात त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र. हा माणूस खोटा शिक्षक? बोला मग तसं.

दुसरा मुद्दा येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या, बाप्तिस्मा न झालेल्या चोराचा. त्याला येशू म्हणाला आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. मेसेज म्हणतो तो जुन्या कराराखाली, म्हणजे आधीच्या नियमाखाली होता, म्हणून चालून गेलं. ठीक, धरू घटकाभर. पण मग आमच्या ग्रुपवरच्या एका मावशींनी विचारलं ते बघा: त्यांच्या मिस्टरांनी विश्वास धरला, ईस्टरला बाप्तिस्मा ठरला आणि त्याआधीच गेले, तर ते कुठे? मेसेजच्या हिशोबाने सरळ नरकात. स्नानसंस्काराला, म्हणजे बाप्तिस्म्यालाच, एवढं महत्त्व देणारं कॅथलिक चर्चसुद्धा असं म्हणत नाही हो, तिथे बाप्तिस्म्याची तयारी करताना मेलेल्या माणसाची इच्छाच धरली जाते, देव आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही असं त्यांच्या धर्मशिक्षणात स्पष्ट आहे. मावशींना कोणी उत्तर दिलं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसलो.

तिसरा मुद्दा नव्या करारातलं याकोबाचं पत्र, २:२४, माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही, "म्हणून बाप्तिस्मा हवाच". अरे, त्या अध्यायात बाप्तिस्मा आहे कुठे? तिथे उपाशी, उघडा भाऊ आहे आणि त्याला "जा, ऊब घे, पोटभर खा" म्हणून नुसताच वाटेला लावणारा माणूस आहे. याकोबाचं भांडण त्या तोंडदेखल्या विश्वासाशी. प्रेषित पौलाचं भांडण वेगळं, सुंता केल्याशिवाय देव घेणार नाही म्हणणाऱ्यांशी. दोघेही अब्राहामाचंच उदाहरण देतात, पण पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात दाखवतो की विश्वास आधी नीतिमत्त्व म्हणून मोजला गेला, सुंता नंतर, शिक्क्यासारखी, आणि याकोब त्याच्याही कितीतरी पुढचा इसहाकाला वेदीवर ठेवण्याचा प्रसंग धरतो. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर आठव्या-नवव्या ओवीत कृपेने तारण, कर्मांनी नाही, आणि लगेच दहाव्यात सत्कर्मांसाठी निर्माण केलेले. क्रम बघा फक्त. याच वादावर युरोप फुटला, पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये लुथरन (प्रोटेस्टंटांपैकी एक पंथ) आणि कॅथलिकांनी मिळून सही केली की आपण कृपेनेच स्वीकारले जातो, आपल्या पुण्याईने नाही, आणि सत्कर्मं ही त्याची फळं. आपल्या व्हॉट्सॲपवर ते अजून पोचलेलं नाही.

याचा अर्थ बाप्तिस्मा टाळला तरी चालतो असा कोणी काढू नका. कृत्यांच्या आठव्या अध्यायातल्या कूशी (इथिओपियाच्या) षंढ अधिकाऱ्याने विश्वास धरल्यावर रस्त्याकडेला पाणी दिसल्याबरोबर रथ थांबवला. "प्रार्थना म्हटली, झालं तारण, पाणी-बिणी बाहेरचं" म्हणणाऱ्यांनाही माझं तेवढंच ठाम "नाही" आहे. लग्न ठरलंय म्हणून कोणी लग्नच करत नाही असं असतं का?

चौथा मुद्दा, डोक्यावर ओतलेलं पाणी चालत नाही. दिदाखे नावाचं अगदी सुरुवातीच्या मंडळीचं पुस्तक आहे, त्यात लिहिलंय की वाहतं पाणी बघा, नसेल तर दुसरं, गार नसेल तर कोमट, आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा द्यावा की नाही हा वाद खरा आहे, त्यावर खुशाल भांडा, पण पाण्याच्या खोलीवरून कोणाला नरकात पाठवू नका.