जुने धरण उडवण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

समजा, उद्या सकाळी एखाद्या श्रीमंत राष्ट्राचे संरक्षण खाते अचानक आपल्या गळ्यात पडले, तर गांगरून जाण्याचे काहीच कारण नाही. या खात्यासाठी पैसा उभा करणे कठीण असते, असे लोकांना उगाच वाटते. शाळेच्या गळक्या छपरासाठी पत्रे मागायला गेलेल्या मुख्याध्यापकांना जे प्रश्न विचारले जातात, त्यांतला एकही प्रश्न आपल्याला कोणी विचारणार नाही. स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय शांतता संशोधन संस्था दरवर्षी जगाच्या लष्करी खर्चाचा हिशोब मांडते. (शांततेच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने युद्धाची खतावणी ठेवावी, यात खटकण्यासारखे काही नाही, दारूबंदी खात्यालाही दारूचाच हिशोब ठेवावा लागतो.) या संस्थेच्या मांडणीनुसार २०२४ साली जगाने या कामी २,७१८ अब्ज डॉलर खर्च केले. महागाई वजा जाता ही वाढ आदल्या वर्षापेक्षा ९.४ टक्क्यांची असून शीतयुद्ध संपल्यापासून एका वर्षात एवढी वाढ झालेली नव्हती. साधा भागाकार केला तर मिनिटाला सुमारे ५२ लाख डॉलर पडतात. चहाला आधण येईपर्यंत अडीच कोटी डॉलर सहज मार्गी लागतात. याउलट जगभरच्या वारसास्थळांसाठी युनेस्कोकडे जो जागतिक वारसा निधी आहे, त्यात वर्षाकाठी जमणारे डॉलर म्हणजे आपल्या खात्याचे जेमतेम एक मिनिट. हे एक मिनिट वाया गेले म्हणून आपण वाईट वाटून घेऊ नये.

पैशाची चिंता मिटल्यावर पहिला निर्णय जागेचा घ्यावा लागतो. येथे नवशिके हमखास चुकतात आणि काल-परवा बांधलेले सिमेंटचे एखादे शहर निवडतात. ते पाडले तरी कंत्राटदार चार वर्षांत पुन्हा उभे करतो आणि आपले नाव पुसले जाते. खर्च चिरकाल टिकावा असे वाटत असेल, तर जेथे माणसे किमान अडीच-तीन हजार वर्षे सलग राबली आहेत अशीच जागा पाहावी. अरबी द्वीपकल्पाचा नैर्ऋत्य कोपरा, म्हणजे आजचा येमेन, या दृष्टीने आदर्श आहे. तेथे सबा, कताबान, हद्रमौत, मईन आणि पुढे हिम्यर अशी राज्ये एकाच खोऱ्या-डोंगरांत नांदून गेली. तेथला धूप आणि हिराबोळ उंटांच्या पाठीवरून गाझापर्यंत जात असे. कताबानची राजधानी तिम्ना ते गाझा हे अंतर उंटांच्या पासष्ट मुक्कामांचे आहे, असे रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो. शिवाय हे निवडीचे ठिकाण शेजारच्या घरासारखे जवळ असल्याने विमानांना इंधनही कमी लागते.

आपल्या आधी तेथे कोणी गेलेच नव्हते, अशा भ्रमात मात्र राहू नये. इसवी सनपूर्व २५च्या सुमारास सम्राट ऑगस्टसच्या आज्ञेवरून ईजिप्तचा रोमन सुभेदार एलियस गॅलस सुमारे दहा हजारांची फौज घेऊन या बाजूला उतरला. धुपाच्या व्यापाराचे मूळच हातात घ्यावे, असा त्याचा बेत होता. सहा महिने वाळवंट तुडवून तो सबाच्या राजधानीपर्यंत, म्हणजे मारिबपर्यंत, पोहोचला, सहा दिवस त्याने वेढा दिला आणि पाण्याअभावी वेढा उठवून परत फिरला. द्वीपकल्पातले सर्वांत मोठे धरण ज्या गावाच्या वेशीवर होते, त्याच गावापुढे तहानेने माघार घेण्याचे नियोजन कोणत्या अधिकाऱ्याने केले, हे इतिहासाने नोंदवलेले नाही. त्याला पुढे बढती मिळाली असावी, असा आमचा कयास आहे. गॅलसचा मित्र, भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की प्रत्यक्ष लढाईत केवळ सात माणसे पडली, बाकीची रोगाने, थकव्याने आणि उपासमारीने गेली. हा तपशील आपण वहीत उतरवून ठेवावा, कारण पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आता त्या धरणाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण लक्ष्य नीट माहीत असल्याशिवाय निविदा काढू नये, हा खात्याचा नियमच आहे. मारिबचे धरण म्हणजे वादी अधनाच्या (वादी म्हणजे एरवी कोरडी, पावसातच वाहणारी नदी) मुखाशी घातलेला सुमारे सहाशे मीटर लांबीचा मातीचा बांध आणि त्याच्या दोन टोकांना दगडी बांधणीच्या दोन मोऱ्या. वर्षातून दोनदा डोंगरांत पाऊस झाला की वादीला लोंढा येई. हे धरण पाणी साठवून ठेवण्यासाठी नव्हतेच. लोंढ्याची पातळी उचलून ते पाणी दोन्ही तीरांवरच्या शेतांत वळवावे, एवढेच त्याचे काम. अशा रीतीने सुमारे ९,६०० हेक्टर वाळवंट भिजत असे. मोऱ्यांचे घडीव दगड एकमेकांना शिशाने सांधलेले असून त्यांतल्या कित्येक थरांच्या फटीत आजही सुरी शिरत नाही. इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या आसपास सुरू झालेली ही व्यवस्था इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत चालली. ती मधूनमधून फुटली, पण जो कोणी राजा असेल त्याने ती दुरुस्त केली.

या दुरुस्तीच्या कामात जुन्या लोकांची एक वाईट खोड दिसते. इसवी सन ५४८ मध्ये अब्रहा नावाच्या राजाने धरणाची मोठी दुरुस्ती केली आणि तिचा लेख मारिबला दगडावर कोरून ठेवला. बायझंटाईन आणि इराणी दरबारांचे वकील त्याच काळात त्याच्या भेटीला आले होते, हे त्या लेखात आहे. पण त्यात तेवढ्यावरच न थांबता कामावरच्या माणसांना काय खाऊ घातले, त्याचीही यादी आहे: ५०,८०६ मापे पीठ, २६,००० मापे खजूर, ७,२०० मेंढ्या. वरची सहा मापेसुद्धा त्याने गाळलेली नाहीत. असा हिशोब उघड्यावर मांडणाऱ्या राज्याचे पुढे काय झाले, हे आपण जाणतोच: काही दशकांतच धरण कायमचे फुटले, गावे उठली आणि त्या लोंढ्याचा उल्लेख थेट कुराणात आला.

जुने लोक निव्वळ बांधकामातच रमलेले होते, असे समजून मात्र त्यांच्यावर अन्याय करू नये. त्याच सबाच्या करिबइल वतर या राजाने इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या सुमारास सिरवाहच्या मंदिरात आपल्या मोहिमांचा लेख कोरवला आहे. औसान या शेजारच्या राज्यातली सोळा हजार माणसे मारली आणि चाळीस हजार धरून नेली, असे त्यात नोंदलेले असून पराभूत राजाच्या वाड्यावरचे लेखही त्याने पुसून टाकवले. शत्रूचे अक्षर पुसून आपले अक्षर कोरावे, ही कला तेव्हापासून चालत आलेली आहे. आपण फक्त छिन्नीऐवजी लेझरने लक्ष्य साधणारा बॉम्ब वापरायचा आहे.

मोहीम सुरू करताना नावाकडे विशेष लक्ष द्यावे. सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने २६ मार्च २०१५ रोजी येमेनवर हवाई हल्ले सुरू केले, तेव्हा मोहिमेचे नाव ‘निर्णायक वादळ’ असे होते. चार आठवड्यांत निर्णय काही लागला नाही, म्हणून २१ एप्रिलला ‘आशेची पुनःस्थापना’ असे नवे नाव देण्यात आले आणि हल्ले पुढे चालू राहिले. घरात पाल निघाली की शहाणे लोक घर बदलत नाहीत, पालीला लक्ष्मी म्हणतात. विरोधकांचीही आपल्याला मदतच होते. हूथी या येमेनी बंडखोरांनी सप्टेंबर २०१४ मध्येच राजधानी सना ताब्यात घेतली होती, आणि एखाद्या जुन्या गढीत त्यांच्या बंदुका दिसल्या की आपले निम्मे काम झाले, कारण १९५४च्या हेग करारात सांस्कृतिक वारशाला हात लावू नये असे बजावतानाच ‘लष्करी निकडी’साठी एक बारीक फट ठेवलेली आहे. त्या फटीतून लढाऊ विमान आरामात जाते, हे कराराचा मसुदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हते, असे म्हणणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान होय.

पुढची पायरी यादीची. युनेस्कोने वाचवण्याजोग्या स्थळांची यादी नकाशावरील ठिकाणांसह आघाडीकडे दिल्याचे २०१५ सालीच प्रसिद्ध झाले होते. अशी यादी आली की नम्रपणे पोच द्यावी आणि कागद फाईलला लावावा. त्यानंतर २१ मे रोजी धमारचे प्रादेशिक संग्रहालय हवाई हल्ल्यात जमीनदोस्त झाले. तेथे सुमारे १२,५०० वस्तू होत्या. ३१ मेच्या रात्री मारिबच्या धरणाची उत्तरेकडची मोरी फुटली. जे धरण चौदा शतके कोणालाही पाणी देत नव्हते, ते कोणाच्या विरोधात लढत होते, असा प्रश्न काही पुराणवस्तुप्रेमी मंडळींनी विचारला. त्यांना उत्तर देण्याची पद्धत नाही. १२ जूनला सनाच्या जुन्या शहरात अल-कासिमी या भागातील घरे कोसळली आणि त्यांच्याखाली माणसे गेली. ती घरे म्हणजे खाली दगड, वर भाजलेली वीट, प्रत्येक मजल्यावर गिलाव्याच्या पांढऱ्या नक्षीचा पट्टा आणि खिडकीवर रंगीत काचेची अर्धगोल कमान, अशी बांधणी. आघाडीने तो हल्ला आपला नव्हेच, असे सांगितले. युनेस्कोच्या तत्कालीन महासंचालक इरिना बोकोवा यांनी तीव्र शब्दांत निषेध केला, आणि जुलैच्या आरंभी सना व शिबाम ही दोन्ही शहरे ‘धोक्यातील जागतिक वारसा’ यादीत नोंदवली गेली. शिबाम म्हणजे कच्च्या विटांच्या सात-सात मजली इमारतींचे सोळाव्या शतकातले नगर. धोका विमानातून येतो आणि यादी टपालाने, एवढाच काय तो फरक.

येथे मराठी वाचकाने हा सगळा परका कारभार आहे असे समजून हात झटकू नयेत. १८३९ साली इंग्रजांनी येमेनमधले एडन बंदर घेतले, ते मुंबई इलाख्याच्या हवाली केले, आणि १९३२पर्यंत ते मुंबईच्याच कारभाराखाली होते. वासुदेव बळवंत फडके यांना तेथेच कोंडण्यात आले. ऑक्टोबर १८८० मध्ये ते कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उचकटून पळाले, पकडले गेले आणि १८८३ साली तेथेच वारले. उलट दिशेनेही वाहतूक होती. नांदेड, परभणी, औरंगाबाद भागात आपल्या वर्गात एखादा चाऊस आडनावाचा मुलगा असेल, तर त्याचे पूर्वज बहुधा हद्रमौतहून निजामाच्या फौजेत आलेले असतात, आणि १८१८ साली मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढवणारी शिबंदीही अरबांचीच होती. म्हणजे या कोपऱ्यातली माणसे पूर्वी आपण पगार देऊन लढायला बोलावत होतो. आता आपणही या व्यवहारात मागे नाही: २०२४च्या यादीत भारत ८६.१ अब्ज डॉलरसह पाचवा, सौदी अरेबिया ८०.३ अब्जांसह सातवा. शेजारच्या कोणाला हा क्रमांक अभिमानाने सांगताना प्राथमिक शाळेच्या पत्र्यांचा विषय निघू देऊ नये.

माणसांच्या हिशोबाबाबत गॅलसची युक्ती वापरावी, म्हणून तर ती वहीत उतरवून ठेवायला सांगितली होती. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ अखेरपर्यंत या युद्धाने ३,७७,००० माणसे गेली, आणि त्यांतली साठ टक्क्यांच्या आसपास भूक, रोगराई, पाणी आणि दवाखाने नसणे यांमुळे गेली. म्हणजे आपण त्यांना मारले असे कोठेच सिद्ध होत नाही. बॉम्ब पडला तो पंपावर. मूल गेले ते पटकीने, आणि तेही काही आठवड्यांनी, दुसऱ्याच गावात.

आता सर्वांत आनंदाचा भाग, म्हणजे जीर्णोद्धार. हा खर्च वेगळ्या खात्यातून करावा, पण फोटो त्याच चेहऱ्याचा असावा. संघर्षग्रस्त भागांतील वारसा वाचवण्यासाठी २०१७ साली जिनिव्हात एक आंतरराष्ट्रीय निधी स्थापन झाला. त्यात फ्रान्सने ३ कोटी, सौदी अरेबियाने २ कोटी आणि संयुक्त अरब अमिरातीने दीड कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. फ्रान्स या दोघांना शस्त्रे विकतो, त्यामुळे तिघांनाही वारशाचे नुकसान कसे होते याची जवळून माहिती आहे, ही निधीच्या दृष्टीने जमेची बाजू होय. युरोपीय संघानेही सनातल्या तरुणांना रोजंदारीवर जुनी घरे दुरुस्त करण्याचे काम दिले. ज्या गल्लीत घर पडले, त्याच गल्लीतला पोरगा गिलावा कालवतो आणि पांढरा पट्टा पुन्हा ओढतो; त्याला दिवसाची मजुरी मिळते, आपल्याला अहवाल मिळतो.

या बाबतीत मारिबचे उदाहरण गुरुस्थानी ठेवावे. जुन्या धरणाच्या वरच्या अंगाला १९८६ साली नवे धरण बांधून झाले. त्याचा पैसा अबुधाबीचे शेख झायेद यांनी दिला, कारण त्यांच्या घराण्याचे मूळ मारिबकडचे असल्याचे सांगितले जाते. पूर्वजांच्या गावाला पाणी देण्याचे हे पुण्यकर्म झाल्यावर एकोणतीस वर्षांनी, त्याच अमिरातीचा समावेश असलेल्या आघाडीच्या विमानांनी पूर्वजांच्या मोरीचा समाचार घेतला. २०२३ साली सबाच्या या अवशेषांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि त्याच दिवशी ते धोक्याच्या यादीतही गेले. बारसे आणि दहावे एकाच मांडवात उरकल्याने होणारी बचत ध्यानात घ्यावी.

शेवटी मोरी पुन्हा उभी राहील आणि तेथे आपल्या नावाची फरशी बसवण्याचा प्रसंग येईल. तिच्यावर तारीख घालावी, देणाऱ्यांची नावे घालावी, दोन झेंडे कोरावेत. कामावरच्या माणसांना पीठ किती मापे लागले, ते मात्र लिहू नये. कोणीतरी दुपारच्या उन्हात तेथे उभा राहून भागाकार करत बसतो.