मालकाचं उत्तर: ८० नंबर मागितला कोणी?

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारवाला रिव्ह्यू वाचला. टेबल खराब झालं, तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण "दुकानदाराला पॉलिश पेपरमधलं काही कळत नाही, बारीक मागितला तर जाडाभरडा दिला, पाण्यात बुडवला तर लगदा झाला, वर परत घ्यायला नकार" हे तुम्ही अख्ख्या ठाण्याला वाचायला लिहून ठेवलंय. तेव्हा थोडं मलाही बोलू द्या.

लगद्याचं आधी उरकतो. तुम्ही नेलात तो लाकडावर कोरडा घासायचा साधा कागद. त्याला पाणी चालतच नाही. पाण्यातला वेगळा येतो, काळा, त्याला आम्ही वॉटर पेपर म्हणतो. तो गाडीच्या पेंटला, पत्र्याला, लोखंडाला. कच्च्या सागवानावर पाणी मारून घासलंत तर लाकडाचे तंतू उभे राहतात आणि हाताला उलट खरखर लागते. आणि वापरलेला, भिजलेला कागद कुठलंच दुकान परत घेणार नाही. एका शीटला वडापावाएवढे पैसे पडतात हो, त्यासाठी मी कशाला अडून बसेन?

आता नंबरचं, जे मला खरं लागलं. तुम्ही आलात रविवारी संध्याकाळी, गणपतीच्या आधीच्या गर्दीत. काउंटरवर पेंटरांची रांग, कोणाला पुट्टी, कोणाला रेड ऑक्साइड. तुमच्या कानाला फोन. मी विचारलं, "कशाला लावायचाय?" तुम्ही हातानेच थांबा म्हणालात. मग म्हणालात, "लहानातला लहान नंबर द्या." मी पुन्हा विचारलं, "साहेब, नंबर लहान पाहिजे की कागद बारीक?" त्यावर "अहो, सांगितलं ना, लहान नंबर" असं तुम्ही जरा चढ्या आवाजात बोललात. शेजारचा पेंटर हसला, ते तुम्हाला दिसलं नसेल. मी ८० दिला. खरं तर ६० पण होता, पण म्हटलं लाकडाला फार होईल.

यात नंबर उलटा चालतो. नंबर आला कागदावरचे दाणे चाळायच्या चाळणीवरून: इंचात जितकी भोकं जास्त, तितका खाली पडणारा दाणा बारीक. म्हणून ८० चा दाणा साधारण ०.२ मिलीमीटर आणि २२० चा त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाचा. ८० जुना रंग खरवडायला, रंधा मारलेली फळी सरळ करायला. पॉलिश करायच्या टेबलावर थेट ८० फिरवला की चरे पडणारच, त्यात कागदाचा दोष नाही. आणि तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून बघितला. चरे गोल गोल आहेत. लाकडाच्या रेषेला आडवं किंवा गोलाकार घासलं की चरा ठळक दिसतो, आणि पॉलिश चढल्यावर तर जास्तच. हे कुठलाही सुतार सांगेल.

कोपऱ्यात एक फिकट डाग दिसतोय, त्याची मला जास्त काळजी वाटते. टेबल भरीव सागवानाचं आहे की प्लायवर विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलाय, ते कडेला खालून बघा. विनिअर असेल तर वरचा थर अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासच असतो, तिथे आता काही घासू नका, पॉलिशवाल्याला दाखवा. भरीव असेल तर टेबल शंभर टक्के वाचेल. १२० चा कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळा (नुसत्या बोटांनी घासलं की खड्डे पडतात), रेषेच्या दिशेने, ८० चे सगळे चरे जाईपर्यंत. मग १८०, मग २२०. मधला नंबर गाळायचा नाही, नाहीतर आधीचा चरा आत राहतो. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघा, राहिलेला चरा लगेच दिसतो. धूळ पुसून मग सीलर, म्हणजे पॉलिशच्या आधीचं अस्तर, आणि सीलर वाळल्यावर ३२० चा अगदी हलका हात.

हे सगळं मी त्या दिवशी काउंटरवरच सांगितलं असतं. आमच्या वडिलांनी दुकान काढलं तेव्हापासून सुतार-पेंटर आमच्याकडे विचारूनच माल नेतात. आता घोडबंदरच्या टॉवरमधले लोक आधी स्टार बघतात आणि मग मोबाइलवरूनच मागवतात. तिथे "कशाला पाहिजे" असं कोणी विचारत नाही, तरी तिथे पाच स्टार. असो.

कागदांच्या खणावर जाडा-बारीक असं मोठ्या अक्षरांत लिहून लावायचं मनात आहे, गणपती झाले की बघतो. नवीन मुलालाही सांगून ठेवलंय.

१२०, १८०, २२० चे एक एक शीट तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो, पैसे नकोत. रिव्ह्यू बदलायचा की नाही ते तुमच्यावर. दुपारी दीड ते साडेचार दुकान बंद असतं, ते सोडून कधीही या. फक्त येताना टेबलाच्या खालच्या कडेचा एक फोटो काढून आणा.