आता तर चांगली चालायली की!

माझ्या गाडीबद्दल हे वाक्य इथून पुढे माझ्यासमोर बोलायचं नाही. जो बोलेल त्याला मी गाडीत बसवून भर उन्हात बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या घाटात नेणार. एसी चालू, चार माणसं आत, मागे ट्रक. मग तिथं सांगावं त्यानं, कशी चालायली ते.

परवा मावशीच्या नातवाचं लग्न होतं अंबाजोगाईला. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. आई आठवडाभर आधीपासून लुगडं काढून बसलेली. बीडमधून वेळेत निघालो, घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडीला काही म्हणजे काही नाही. चढ लागला, तिसरा गिअर टाकला आणि एकाएकी गाडीचा दम गेला. ॲक्सिलरेटर तळाला टेकवलाय, इंजिन नुसतं हुंदके देतंय, काटा पन्नासवरून तीस, तीसवरून वीस. मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही. अरे बाबा, मला काय हौस आहे का घाटात थांबायची? कशीबशी कडेला घेतली, चाकाला दगड लावला, आई डोक्यावर पदर घेऊन त्या उन्हात उभी. अर्ध्या तासानं चावी मारली तर गाडी पहिल्यासारखी! वर चढली, मांजरसुंबा गेलं, आणि केज यायच्या आत सपाट रस्त्यावर पुन्हा तेच. मिसिंग, झटके, पिकअप गायब.

अक्षता चुकल्या. सख्ख्या बहिणीच्या नातवाच्या लग्नात माझ्या आईच्या हातात अक्षता पडल्या नाहीत. पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या. याचं बिल कुणाच्या नावानं फाडायचं, सांगा.

घाटातून मी आमच्या गॅरेजवाल्याला फोन लावला होता. त्याचा पहिला प्रश्न, "चेक लाईट लागला का?" नाही. "मग काही नसतं हो, पेट्रोलच तसं यायलंय." आणि ठेवून दिला. अरे, २०१० ची पेट्रोल गाडी आहे. असल्या जुन्या गाड्यांत पेट्रोलचं प्रेशर बघणारा सेन्सर बहुतेक नसतोच. प्रेशर पडलेलं कंप्युटरला थेट दिसतच नाही, मग लाईट लागेलच असं कुठंय? हे मला कळतं, दिवसभर बोनेटमध्ये डोकं घालून बसणाऱ्याला कळू नये?

याच माणसानं याच दुखण्यासाठी लग्नाच्या आधी पहिल्यांदा फिल्टर बदलला. मग प्लग. मग म्हणे प्लगला ठिणगी देणारी कॉईल गेलीय, ती बदलली. मग इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी धुतली. शेवटी टाकीतला पंपच काढला आणि साडेसहा हजाराचा नवा टाकला. दर वेळी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, बार्शी नाक्यापर्यंत एकटा चक्कर मारून यायचा आणि चावी माझ्या हातात ठेवून तेच बोलायचा, चांगली चालायली की. चालणारच ना! थंड गाडी, सपाट रस्ता, एसी बंद. जो बिघाड गरम झाल्यावर येतो तो गरम करूनच बघावा लागतो. मी कितीदा सांगितलं, गाडी दिवसभर ठेवून घ्या, दुपारी चढाला न्या, तेव्हा बघा. ऐकायलाच तयार नाही. अंदाजानं पार्ट बदलायचा, पैसे घ्यायचे, नाही जमलं तर पुढचा पार्ट. अंदाज त्याचा, पैसे माझे. आणि या सगळ्यात एकदाही, एकदासुद्धा, त्याच्या हातात व्होल्ट मोजायचं मल्टीमीटर दिसलं नाही. प्रेशर गेज तर नाहीच नाही. अशा गाडीला साधारण तीन-चार बार प्रेशर लागतं, गेज लावलं की खरंखोटं तिथल्या तिथं होतं. पण ते लावायला कष्ट पडतात, पार्ट विकायला पडत नाहीत.

आणि हे "पेट्रोलच तसं यायलंय" नवीनच निघालंय. आता प्रत्येक दुखण्याला हेच औषध. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलचा मला काय कमी राग आहे? एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या त्या हिशोबानं बनवल्या, आमच्या जुन्यांना विचारलं कुणी? रबरी पाईप, सील, गॅस्केट जुन्या पेट्रोलच्या हिशोबाचे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ताकद, म्हणजे ॲव्हरेज थोडं तरी पडणारच. बिनइथेनॉलचं साधं पेट्रोल पाहिजे म्हटलं तर आमच्याकडच्या पंपावर मिळत नाही. वर इथेनॉल उसापासूनही बनतं आणि आम्ही उसाच्या मुलखातले, म्हणून आम्ही तोंड उघडायचं नाही, असं मला भर मांडवात एकानं ऐकवलं! ऊस पिकवतो म्हणून गाडी बंद पडलेली चालते का? पण हा राग वेगळा आणि गॅरेजवाल्यानं त्याच्या आड लपणं वेगळं. पेट्रोलचा दोष असेल तर दाखव. काढ बाटलीत, बघ पाणी आहे का. नुसतं तोंडानं बोलून मोकळं व्हायचं नाही.

मांडवातच दुसऱ्यानं विचारलं, "अहो विकून टाका ना, कशाला जीव जाळता?" विकून टाका! हे सांगणाऱ्यांचा मला खरोखर तिटकारा आहे. नव्या गाडीचे हप्ते तुम्ही भरणार का? पंधरा वर्षं झाली म्हणून गाडीची नोंदणी पुन्हा केली. कधीकाळी सहाशे रुपयांत व्हायचं ते काम एप्रिल २०२२ पासून पाच हजार. वर पर्यावरण कर. त्यात २०१९ च्या आधीची गाडी म्हणून नंबर प्लेटही नवी. सगळं भरलं, सगळ्या रांगा लावल्या. जुनी गाडी ठेवणारा माणूस म्हणजे ज्यानं त्यानं उठून कापावा असा खिसा झालाय. ही गाडी मी जपलीय, वेळच्या वेळी ऑईल बदललंय, इंजिन आजवर खोलावं लागलेलं नाही. ती भंगारात का द्यायची? कुणाला तरी मीटर हातात धरायचा कंटाळा आहे म्हणून?

आता ऐका. केजमध्ये चहाच्या टपरीवर विचारलं तर त्यांनी एका वायरिंगवाल्या मामांकडे पाठवलं. पत्र्याचं शेड, एक पंखा. मामांनी गाडीला हात लावायच्या आधी प्रश्न विचारले. गरम झाल्यावर होतं का? चढाला जास्त का? थांबून निवली की नीट होती का? एसी बंद केल्यावर फरक पडतो का? इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. मग मागची सीट उचलली, पंपाचं कनेक्टर न काढता नुसतं उघडं केलं, गाडी चालूच ठेवली. मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला, दुसरी पंपाच्या प्लसला. आकडा ३.६. म्हणजे बॅटरीवर १४ व्होल्ट आणि पंपापर्यंत पोचायलेत दहा-साडेदहा. मामा म्हणाले, "अर्ध्या व्होल्टाच्या वर जायला नको. एवढ्यावर पंप रडतोय बिचारा, गाडी काय ओढणार?"

मग मागे मागे येत रिलेपाशी, म्हणजे पंपाचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचपाशी, आले. रिले उपसला तर खालचं प्लॅस्टिक भाजून तपकिरी झालेलं, आतली पिन सैल. गरम झाली की पकड सुटणार, करंट अडणार, पंप मंद होणार, चढावर पेट्रोल कमी पडणार. निवलं की पुन्हा नीट. कोडं वगैरे काही नव्हतंच! नवी पिन दाबली, रिले बदलला, पुन्हा मीटर लावलं, ०.३. साडेतीनशे रुपये सांगितले आणि वर स्वतःहून म्हणाले, "एसी लावून एक चक्कर मारू, पूर्ण तापू द्या, तवर पैसे देऊ नका." येताना भर उन्हात घाट उतरलो, मुद्दाम पुन्हा चढवला. एक झटका नाही.

म्हणजे माझा जुना पंप धडधाकट होता. कॉईलही चांगली होती. साडेसहा हजारांचा पंप घालतानाही तेच कनेक्टर त्या माणसानं हातात धरलं होतं, तिथं मीटर टेकवायला दोन मिनिटं लागली असती. आणि काढलेला पंप त्यानं मला दिला नाही, "भंगार आहे, काय करता नेऊन?" म्हणाला. माझ्या पैशाची वस्तू, ती भंगार का सोनं ते मी ठरवीन. तो पंप आता दुसऱ्या कुणाच्या गाडीत नवा म्हणून बसला असेल तर मला नवल वाटणार नाही.

उद्या सकाळी दुकान उघडायच्या वेळेला मी तिथं जातोय. पंप, कॉईल, चारी प्लग, सगळं मागणार. केजचा तो भाजलेला रिले खिशात आहे, तो त्याच्या टेबलावर ठेवणार. आणि इथले सगळे, कुठलाही पार्ट बदलला की काढलेला पार्ट मागून घ्या. देत नसेल तर बिल देऊ नका.