कॉलरवर ठेवणं अघोरी नाही, पण तुमची तक्रार रास्त आहे

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया रात्री ड्यूटीवर वाचली, तेव्हा उत्तर द्यायला सवड नव्हती. व्हेंटिलेटर (श्वासाचं मशीन) सोडवण्यावरच्या लेखात मी ट्रेकी केलेल्या, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवलेल्या, पेशंटला रोज काही तास मशीनवरून पूर्ण काढून नुसत्या ऑक्सिजनच्या कॉलरवर (नळीच्या तोंडाशी फक्त ऑक्सिजन सोडणारा मास्क) ठेवण्याची बाजू घेतली होती. तुमचं म्हणणं असं की प्रेशर सपोर्ट, म्हणजे प्रत्येक श्वासाला मशीनने दिलेला दाबाचा आधार, हळूहळू कमी करता येत असताना हा अघोरीपणा कशाला. तुमच्या आई कॉलरवर दोन तासांत घामाघूम झाल्या. आणि लेखात मी अर्धीच माहिती दिली, ही तुमची तक्रार.

अर्धी माहिती दिली, हे खरं आहे. मी आधार घेतला तो शिकागोजवळच्या एका केंद्रातल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमल जुब्रान यांच्या गटाच्या अभ्यासाचा. कॉलरवाल्यांना मशीनवरून सुटायला 15 दिवस लागले, प्रेशर सपोर्टवाल्यांना 19 (दोन्ही आकडे मध्यक, म्हणजे मधल्या पेशंटचे), एवढं सांगून मी थांबले. पण त्यात सुरुवातीच्या कॉलरवरच्या चाचणीत जे पेशंट पहिल्या 12 तासांतच थकले होते, त्यांच्यात दोन्ही पद्धतींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. कॉलरचा फायदा दिसला तो 12 तासांहून जास्त तग धरून मग थकलेल्यांत. तुमच्या आई पहिल्या गटातल्या. हे लिहायलाच हवं होतं. मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे.

अघोरी हा शब्द मात्र पटत नाही. त्याच अभ्यासात, सुरुवातीला तपासलेल्या 500 जणांपैकी 160 जण कॉलरवर पाच दिवस आरामात राहिले. म्हणजे त्यांना सोडवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तरी ते मशीनवर होते! प्रेशर सपोर्टमध्ये प्रत्येक श्वासाला मशीन मागून ढकलत असतं. स्क्रीनवरचे आकडे छान दिसतात, पण त्यातलं पेशंटचं किती आणि मशीनचं किती, हे कळत नाही. कॉलरवर सगळं उघड होतं. मी पोटावर हात ठेवून मिनिटभर श्वास मोजते. मानेचे स्नायू ताठतात का, गळ्याखालचा खळगा आत ओढला जातो का, श्वास घेताना छाती वर आणि पोट आत असं उलटं होतंय का, हे बघते. यातलं काही सुरू झालं की घड्याळाकडे न बघता परत मशीनला जोडायचं. रात्रभर स्नायूंना विश्रांती, सकाळी पुन्हा.

म्हणून मला आईंच्या दोन तासांपेक्षा त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. घाम फुटल्यावर किती वेळाने जोडलं? लगेच जोडलं असेल तर ते योग्यच झालं. 'अजून थोडं बघू' म्हणत ताणलं असेल, तर तुमचा राग रास्त आहे. पार थकलेला स्नायू सावरायला दिवसभरही लागतो.

नातेवाइकांनी सुचवलेल्या एसआयएमव्हीचा (मशीन ठरावीक श्वास देतं, मधले पेशंट स्वतः घेतो, असा मशीनचा मोड) आग्रह धरू नका. मशीन सोडवण्यावरच्या 1994 आणि 1995 च्या दोन मोठ्या अभ्यासांचं बाकी एकमत नव्हतं, पण हा मोड दोन्हीकडे मागेच पडला.

उद्याच्या राउंडला डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: काय दिसलं की परत जोडणार, आणि काढण्याआधी आईंना तसं सांगणार का. ट्रेकीमुळे त्यांना हाक मारता येत नाही. बेल त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवायला सांगा, आणि उद्या किती वेळ राहिल्या ते मला जरूर कळवा.